बियास ते चंद्रताल: हिमाचलातल्या नद्या-तळ्यांकडे पहिल्यांदा जाताना

हिमाचलला निघालेल्या ओळखीच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय काय बघायचं?" ठिकाणांची यादी कुठेही मिळेल. त्याआधी तिथलं पाणी कधी आणि कसं वागतं हे समजून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. आपल्याकडची नदी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. बियास, पार्वती, चंद्रा या नद्या मे-जूनच्या कडक उन्हात वाढतात, कारण वर बर्फ वितळत असतो. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी गाडी अडवतो. आभाळ निरभ्र असतानाही नदी अचानक चढते, कारण वरच्या अंगाला कुठेतरी धरणाचं दार उघडलेलं असतं.

हे एकदा डोक्यात बसलं की सहल कशी आखायची, हे आपोआप सुचत जातं. खाली मंडी, कुल्लू-मनाली आणि लाहौल या भागापुरतं लिहिलंय. कुटुंबासह पहिल्यांदा जाणाऱ्यांना एवढा भाग आठ-दहा दिवसांत नीट बघता येतो.

१. आधी महिना ठरवा

आपल्याकडे सुट्टी मेमध्ये असते आणि सगळ्यांना चंद्रताल हे खूप उंचावरचं तळं बघायचं असतं. इथेच पहिली गफलत होते. चंद्रतालचा रस्ता साधारण जूनच्या मध्यावर उघडतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथले तंबू उठायला लागतात. मेमध्ये "चंद्रताल नक्की दाखवतो" असं कोणी आगाऊ पैसे घेऊन सांगत असेल तर त्याला रस्ता उघडल्याची खात्री विचारा. मे महिना बियासच्या खोऱ्यासाठी, रेवाळसर आणि पराशर या तळ्यांसाठी आणि जालोरी खिंडीसाठी ठेवा.

जुलै आणि ऑगस्टमध्ये मी कुणालाही लहान मुलं घेऊन जा असं सांगत नाही. स्वातंत्र्यदिनाला जोडून सलग सुट्ट्या आल्या की मोह होतो, पण दरडी याच दिवसांत कोसळतात. जुलै २०२३ च्या पुरात बियासने कुल्लू-मनालीचा महामार्ग जागोजागी खाऊन टाकला. मंडीत बियास आणि सुकेतीच्या संगमावरचं जुनं पंचवक्त्र महादेवाचं मंदिर पाण्याने वेढलं गेलं. मंदिर टिकलं, पण आजूबाजूचे पूल वाहून गेले.

माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस म्हणजे सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पाऊस ओसरलेला, हवा स्वच्छ, नद्या उतरलेल्या, बागांमध्ये सफरचंदांची तोडणी सुरू. एक लक्षात ठेवा: कुल्लूचा दसरा विजयादशमीला सुरू होतो आणि पुढे सात दिवस चालतो. त्या आठवड्यात कुल्लूत खोली मिळणं कठीण आणि रस्ते गच्च. दसरा पाहायचाच असेल तर खोली फार आधी घ्या, नसेल तर त्या दिवसांत मुक्काम दुसरीकडे ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत चंद्रताल विसरा, पण खालची तळी त्या वेळी अतिशय देखणी आणि निवांत असतात.

२. ठिकाणांचा क्रम उंचीप्रमाणे लावा

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. मनाली गावच सुमारे २,०५० मीटरवर आहे. म्हणजे हॉटेलच्या खोलीत सामान टाकलं तेव्हाच तुम्ही महाराष्ट्रातल्या सर्वोच्च टोकापेक्षा वर आलेले असता. त्यापुढे पराशर २,७३०, सिस्सू आणि जालोरी खिंड ३,१०० च्या आसपास आणि चंद्रताल सुमारे ४,२५० मीटर. खाली रेवाळसर १,३६० मीटरवर.

फिरण्याचा क्रमही हाच ठेवा: मंडी-रेवाळसर, पराशर, कुल्लू-मनाली, मग रोहतांग खिंडीखालून लाहौलला जाणाऱ्या अटल बोगद्यापलीकडे सिस्सू किंवा केलाँगला एक मुक्काम आणि शेवटी चंद्रताल. मनालीहून एका दिवसात थेट चंद्रतालला जाऊन तिथेच झोपणं टाळा. एका दमात दोन हजार मीटरहून जास्त चढून रात्र काढली की डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे बहुतेकांना होतं आणि काहींना त्याहून गंभीर त्रास होतो. तरुण आणि व्यायाम करणारा माणूस यातून सुटतो असं नाही. रक्तदाब, दमा, हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. उंचीवरच्या त्रासाची गोळीही त्यांनाच विचारून घ्या, शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नका.

३. पोचायचं कसं, आणि पिशवीत कोणते कागद

पुण्याहून झेलम एक्स्प्रेस आणि मुंबईहून पश्चिम एक्स्प्रेस अंबाल्यावरून जातात. रत्नागिरी-गोव्याकडच्या लोकांना मडगाव-चंदीगड संपर्क क्रांती सोयीची. विमानाने चंदीगडपर्यंत या आणि पुढे रस्त्याने. कुल्लूजवळ भुंतरला विमानतळ आहे, पण तो अरुंद दरीत आहे आणि हवा बिघडली की उड्डाणं रद्द होतात. परतीचं मुंबईचं विमान त्याच दिवशी भुंतरच्या भरवशावर धरू नका.

कागदपत्रं:

- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, मुलांचं आधारसुद्धा, आणि दोन-दोन छायाप्रती
- स्वतःची गाडी असेल तर वाहन परवाना, आरसी, विमा, पीयूसी आणि पैसे भरलेला फास्टॅग (राज्याचा प्रवेशकर आणि मनालीचा हरित कर वेगवेगळे लागतात)
- रोहतांग खिंडीत जायचं असेल तर ऑनलाइन परवाना. रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली असते आणि देखभालीसाठी मंगळवारी खिंड पर्यटकांना बंद ठेवतात
- नेहमीच्या औषधांची चिठ्ठी, रक्तगट लिहिलेला कागद
- रोख रक्कम, सुट्ट्या नोटांसह

रोहतांगच्या परवान्यावरून खूप गोंधळ होतो. अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. बोगद्यातून लाहौलला जायला रोहतांगचा परवाना लागत नाही. तुम्ही फक्त सिस्सू किंवा चंद्रतालला जाणार असाल आणि एखादा दलाल परवान्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका. बोगदा सुमारे नऊ किलोमीटरचा आहे. आत गाडी थांबवून फोटो काढणाऱ्यांना दंड होतो.

रोख रकमेचं म्हणाल तर बोगद्यापलीकडे ग्राम्फूचा फाटा सोडला की फोनला रेंज नसते. रेंज नाही म्हणजे यूपीआय नाही. पेट्रोल-डिझेलची टाकी मनालीतच काठोकाठ भरा. चंद्रतालच्या वाटेवर पंप नाही.

४. नदीकाठची उद्यानं, आणि नदीचं वेळापत्रक

नदीकाठी बसायला सुरक्षित जागा म्हणजे वन खात्याने राखलेल्या बागा. मनालीत माल रोडला लागून वनविहार आहे. उंच सरळसोट देवदार, खाली त्यांच्या वाळक्या पानांचा मऊ थर, पलीकडे बियासचा आवाज. आजी-आजोबांना तिथे दोन तास बसवून ठेवलं तरी ते कुरकुर करणार नाहीत. पार्वतीच्या खोऱ्यात कसोलला नदीला लागून असंच नेचर पार्क आहे. तिकीट किरकोळ असतं. सकाळी लवकर जा, दहानंतर पर्यटकांच्या बसगाड्या यायला लागतात.

कुंपण असलेल्या बागेतून नदी बघणं वेगळं आणि रस्त्याकडेला गाडी लावून दगडांवर उतरणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीबद्दल मला सविस्तर सांगायचंय.

८ जून २०१४ ला मंडी जिल्ह्यात थलौटजवळ हैदराबादच्या इंजिनिअरिंग महाविद्यालयातले विद्यार्थी संध्याकाळी फोटो काढायला बियासच्या पात्रातल्या दगडांवर उतरले होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं. काही क्षणांत लोंढा आला. चोवीस विद्यार्थी आणि त्यांच्या सोबतचा एक सहल संयोजक वाहून गेले. त्या मुलांनी पोहण्याचं धाडस केलेलं नव्हतं. ती फक्त दगडांवर उभी होती.

त्या नदीवर आणि तिच्या उपनद्यांवर वीज प्रकल्प एकामागून एक आहेत. विजेच्या मागणीप्रमाणे आणि वरच्या पावसाप्रमाणे पाणी सोडलं जातं. सूचना देणारे फलक आणि भोंगे असतात, पण नदीचा आवाजच एवढा असतो की दहा पावलांवरून मारलेली हाक ऐकू येत नाही. म्हणून कानांवर विसंबून राहू नका. डोळे उघडे ठेवा:

पाण्याच्या काठावरचे दगड बघा. कोरड्या, धूळ बसलेल्या दगडावर कुठेतरी ओलीची काळपट रेघ दिसते. काही तासांपूर्वी पाणी तिथवर होतं, याचा अर्थ ते परत तिथे येऊ शकतं. त्या रेषेच्या खाली बसायचं नाही. काठाशी एक ठळक दगड हेरून ठेवा आणि दर पाच मिनिटांनी तो किती बुडाला ते बघा. हिरवट-निळं पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या आणि पानं वाहून यायला लागली किंवा तळाचे दगड एकमेकांवर आपटल्याचा घुमा आवाज येऊ लागला तर चपला, डबे, पिशवी काहीही न उचलता वर निघा.

आणखी काही नियम मी आमच्या गटाला घालून देतो. दुपारी तीननंतर कुणीही पात्रात उतरायचं नाही. पात्राच्या मधल्या बेटावर किंवा मोठ्या खडकावर जायचं नाही, तो कितीही कोरडा दिसला तरी. पाणी आधी मागची वाट तोडतं. मुलांचा हात धरून ठेवायचा, "मी बघतोय" एवढ्यावर भागवायचं नाही. पाणी बर्फाचं असतं. पडलेल्या माणसाचे हातपाय दोन-तीन मिनिटांत आखडतात आणि गावच्या विहिरीत शिकलेलं पोहणं तिथे उपयोगी पडत नाही. जिल्हा प्रशासन अनेक ठिकाणी नदीत उतरायला बंदी घालतं. पोलीस हटकतात तेव्हा वाद घालू नका.

राफ्टिंग करायचं असेल तर कुल्लूजवळ पिरडीहून सुरू होणारा टप्पा नेहमीचा आहे. १५ जुलै ते १५ सप्टेंबर जलक्रीडांना बंदी असते. त्या काळात कुणी चोरून न्यायला तयार असेल तर तो तुमच्या जिवाशी खेळतोय. एरवीसुद्धा नोंदणीचा कागद दाखवा म्हणायचं, शिरस्त्राण आणि जीवरक्षक जाकीट स्वतः ओढून तपासायचं.

हॉटेलबद्दल एक: "नदीला लागून" या शब्दांना भुलून खोली घेऊ नका. आरक्षणापूर्वी फोन करून विचारा की खोली पात्रापासून किती उंचावर आहे आणि २०२३ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. खरं उत्तर देणारा मालक मिळाला तर तिथेच राहा.

५. देवाची तळी

हिमाचलातली बरीच तळी ही आधी देवस्थानं आहेत, मग पर्यटनस्थळं. आपल्या देवराईत जसं वाळकी काटकीही उचलत नाहीत, तसंच तिथे पाण्याचं आहे. हात-पाय धुणं, खडे मारणं, मुलांना काठावर कपडे बदलायला लावणं, या गोष्टी स्थानिकांना मनापासून दुखावतात.

*रेवाळसर.* मंडीहून साधारण २४ किलोमीटर. हिंदू, बौद्ध आणि शीख तिघांनाही पवित्र असलेलं छोटं चौफेर बांधलेलं तळं. लोमश ऋषींचं मंदिर, गुरू गोविंदसिंगांच्या आठवणीचा गुरुद्वारा आणि डोंगरावरून सगळ्या गावावर नजर ठेवणारी बौद्ध गुरू पद्मसंभवांची प्रचंड मूर्ती, हे सगळं एका फेरीत दिसतं. उंची कमी आणि चालणं सपाट, त्यामुळे सहलीचा पहिला दिवस इथे घालवावा. प्रदक्षिणा डावीकडून, तळं उजव्या हाताला ठेवून. माकडं आहेत, खाऊची पिशवी हातात मिरवू नका.

*पराशर.* मंडीहून सुमारे ५० किलोमीटर. गवताळ उतारांच्या वाटीत निळंशार पाणी, त्यावर तरंगणारं गवताचं गोल बेट आणि काठाला तीन मजली लाकडी छपराचं पराशर ऋषींचं मंदिर. मंदिराच्या लाकडावरची कोरीव नक्षी जवळून बघा; साखळीसारखे वळसे, नाग, फुलं, एक इंच जागा रिकामी नाही. तळ्याला कुंपण आहे आणि ते ओलांडायचं नाही. बेट ऋतूप्रमाणे जागा बदलतं, त्यामुळे फोटोत दिसलं तिथेच ते असेल असं नाही. गाडी जवळपर्यंत जाते, पण शेवटचा रस्ता अरुंद आणि खडबडीत. घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर मंडीतून स्थानिक चालक घ्या. चालायची हौस असेल तर बग्गी गावातून सात-आठ किलोमीटरची चढण आहे. पाऊस लागला तर बग्गीची वाट सोडून द्या, तिथले नाले एकाएकी भरतात.

*सेरोलसर.* मला विचाराल तर नवख्या माणसाने हे तळं चुकवू नये. जालोरी खिंडीतून सुमारे पाच किलोमीटरची, बहुतेक सपाट वाट जुन्या ओक वृक्षांतून जाते. आठ-दहा वर्षांची मुलं सहज चालतात. काठावर बूढी नागिनीचं देऊळ आहे. भाविक तिला तूप वाहतात. पाण्यावर एकही पान राहत नाही, कारण एक छोटा पक्षी पडलेलं पान चोचीने उचलून नेतो, असं तिथले लोक सांगतात. खिंडीतले ढाबे सोडले तर वाटेत फार काही मिळत नाही. निघतानाच पाणी घ्या आणि अंधार पडायच्या तासभर आधी खिंडीत परत या. खिंडीचा रस्ता दोन्ही बाजूंनी फार तीव्र चढाचा आहे. उतरताना गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा, सतत ब्रेक दाबून उतरलात तर ते तापून निकामी होतात.

अनेक देवळांत चामड्याच्या वस्तू चालत नाहीत. पट्टा आणि पाकीट गाडीत ठेवून गेलात तर दारात अडायला नको.

६. चंद्रताल

बोगदा ओलांडून उजवीकडे कोकसर, मग ग्राम्फू, छत्रू, बातल. बातलच्या पुढे तळ्याकडे चौदा किलोमीटरचा फाटा. अंतर नकाशावर थोडं दिसतं, पण ग्राम्फूनंतर रस्ता म्हणजे बऱ्याच ठिकाणी गोटे आणि वाहतं पाणी. पूर्ण दिवस हाताशी ठेवा.

इथे वेळेचं गणित पाळलंच पाहिजे. वाटेतले नाले थेट हिमनद्यांतून येतात आणि दुपारी चढतात. स्थानिक चालक त्यातल्या भयंकर नाल्यांना सरळ "पागल नाला" म्हणतात. सिस्सू किंवा केलाँगहून पहाटे साडेपाच-सहाला निघालात तर नाले शांत असताना पार होतात. नाश्त्यासाठी हॉटेलात रेंगाळून दहाला निघालात तर तेच नाले ऐन भरात भेटतील. छोटी, जमिनीलगतची गाडी नेऊ नका. नाल्यात पाणी जास्त दिसलं तर समोरून येणारी गाडी कशी पार होते ते आधी बघा, आणि शंका वाटली तर बातलच्या ढाब्यावर गरम राजमा-चावल खाऊन थांबा. तिथल्या लोकांना रस्त्याची खडान्‌खडा माहिती असते.

तळ्याच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे. चंद्रताल हे रामसर यादीतलं, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं क्षेत्र आहे, २००५ पासून. तंबूंचे तळ दोन-तीन किलोमीटर अलीकडे आहेत, गाडीही काठापर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा पायी. हळू चाला. त्या उंचीवर जिना चढल्यासारखा दम सपाटीवरही लागतो. तळ्याभोवती पूर्ण फेरी मारता येते, पण आल्या संध्याकाळी मारू नका. सकाळी वारा पडलेला असताना जा. तेव्हा पाणी इतकं निश्चल असतं की समोरच्या डोंगरावरचे गेरूच्या रंगाचे पट्टे पाण्यात जसेच्या तसे उतरतात. उन्हं वर येतील तसा पाण्याचा रंग करड्याचा हिरवा आणि मग गर्द निळा होतो.

उन्हाळ्यातही इथे हिमवर्षाव होऊ शकतो. जुलै २०२३ मध्ये अवेळी बर्फ पडून अडीचशेहून जास्त पर्यटक चंद्रतालच्या तंबूंमध्ये काही दिवस अडकले होते. स्पितीतल्या काझाच्या बाजूने कुंजुम खिंडीतला बर्फ काढत रस्ता मोकळा केला तेव्हा सगळे बाहेर आले. म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. हवामान खात्याचा नारंगी किंवा लाल इशारा असेल तर चंद्रताल रद्द करा, तंबूचे पैसे बुडाले तरी.

रात्री कुणाची डोकेदुखी गोळीने थांबत नसेल, चालताना झोक जात असेल, बोलणं अडखळत असेल किंवा पडून असतानाही धाप लागत असेल तर सकाळची वाट बघू नका. तंबूवाल्याला उठवा. त्यांच्याकडे सहसा प्राणवायूचं नळकांडं असतं, त्याने थोडा वेळ मिळतो. उपाय एकच, खाली उतरणं.

७. सामान आणि कचरा

- थरांवर थर घालता येतील असे कपडे, लोकरी टोपी, हातमोजे, पाऊस-वारा अडवणारं जाकीट
- पकड असलेले घोट्यापर्यंतचे बूट. नदीकाठच्या शेवाळावर साध्या स्लीपर म्हणजे पडण्याची हमी
- गॉगल, ओठांचं मलम, उन्हापासून संरक्षणाचं क्रीम
- विजेरी, जास्तीच्या बॅटऱ्या, भरलेली पॉवर बँक (थंडीत ती रात्री पांघरुणात ठेवा, नाहीतर सकाळी रिकामी)
- ओआरएस, उलटीची गोळी, बँडेज
- नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घेतलेला
- धातूची पाण्याची बाटली आणि घरून आणलेला खाऊ: लाडू, चिक्की, भडंग

घट्ट बंद होणारी एक पिशवी खास कचऱ्यासाठी ठेवा. त्या गावांमध्ये कचरा उचलायची व्यवस्था तोकडी आहे. काठावर टाकलेलं बिस्किटाचं वेष्टन पहिल्या वाऱ्याबरोबर तळ्यात जातं आणि ते काढायला कुणी पाण्यात उतरत नाही. लहान बाळाचे डायपर आणि सॅनिटरी पॅडसुद्धा त्याच पिशवीतून मनाली किंवा मंडीपर्यंत परत आणा.

निघण्यापूर्वी घरच्या एका माणसाकडे तुमचा रोजचा मार्ग, गाडीचा क्रमांक आणि तंबूवाल्याचं नाव लिहून द्या, आणि "चंद्रतालच्या दोन दिवसांत फोन लागणार नाही" हे सांगून ठेवा. आपत्कालीन ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे दोन्ही क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा.